कधीच न भरलेली टाकी

अब्बा, मी घर घेतलं. अंगणात विहीर आहे, मागच्या बाजूला संडासाची टाकी आहे, आणि या दोघींनी मिळून गेलं वर्षभर मला एका जागी स्वस्थ बसू दिलेलं नाही. आत्ताही हे लिहायला बसल्यापासून मी दोनदा उठून फाटकापर्यंत जाऊन आले. एप्रिल लागला आहे. गल्लीतल्या नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेही सगळ्यांच्या बादल्या भरेपर्यंत टिकत नाही, आणि बाया घागरी घेऊन माझ्या फाटकासमोरून मोठ्या रस्त्यापलीकडच्या हापशीवर जातात. रस्त्यावरून माझी विहीर दिसते. फाटकाला कुलूप नाही, कडीसुद्धा लावलेली नसते. तरी कुणी आत वळत नाही. उन्हाळ्यात ही विहीर म्हणजे गल्लीचा पाणवठा होता असं सांगितलं तर आज कुणाला खरं वाटणार नाही.

हे मी मराठीत लिहिते आहे याचं तुम्हाला नवल वाटेल. घरात आपण हिंदीच बोलायचो, ती आपली चंद्रपुरी हिंदी, जिला नागपूरचे पाहुणे हसायचे. पण तुम्ही रजेचे आणि बदलीचे अर्ज मराठीत लिहायचात, आणि माझं तर पोटच मराठीवर चाललं. सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली. पान सोडायची वेळ झाली की बातमी घ्यायची की नाही, शब्द ठेवायचा की काढायचा, हे ठरवून मोकळं व्हायचं, अशी मनाला सवय लागलेली. घरच्या गोष्टीतही मी फार रेंगाळत नाही. म्हणूनच या एका व्यवहारानं मला इतकं इकडून तिकडे का फिरवलं ते समजत नाही, आणि ज्यांच्याशी भांडून ते समजलं असतं त्या तुम्हाला जाऊन जमाना झाला.

नोकरी संपली तेव्हा आम्ही चंद्रपुरात तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं की कोळशाच्या धुळीनं काळं व्हायचं, सकाळी पुसलं तरी दुपारी पुन्हा. ह्यांचं आजोळ सिंदेवाहीचं. शेवटची काही वर्षं ते रोज जेवताना सिंदेवाहीचा विषय काढायचे, तिथली हवा, तिथली धानाची बांधी, तिथला तांदूळ. संक्रांत झाल्यावर ह्यांच्या मामेभावानं एका घराचा निरोप दिला आणि आम्ही पाहायला गेलो. घर विकणारे भाऊ सरकारी धान संशोधन केंद्रावर नोकरी करून निवृत्त झालेले. एकच मुलगी, ती नागपुरात, आणि गुडघे गेले म्हणून तिनं आईबापांना बोलावून घेतलेलं. फाटकातच त्यांनी आम्हाला थांबवलं. "पहिले विहीर पाहा जी. घर मंग पाहा. घर कोनीबी बांधते."

विहीर खरंच सुरेख आहे. गोल, दगडानं बांधलेली, काठ कंबरेइतका. मी पर्समधून तुमचा आरसा काढला. आठवतो? मैत्रिणींना दहावी झाल्यावर वडिलांनी घड्याळं दिली आणि तुम्ही मला तुमचा दाढीचा गोल आरसा दिलात, कडेला पत्रा असलेला. त्याआधी सुट्टीत तुमच्याबरोबर भामरागडकडच्या एका गावात गेले होते, तेव्हा तुम्ही त्या आरशानं ऊन पकडून विहिरीत सोडलं होतं, आणि काळ्या पाण्यातून एकदम तळ वर आल्यासारखा दिसला होता. गोट्या, एक फुटकी बादली, हलणारी मासोळी. मी इतक्या जोरात ओरडले की गावातल्या बाया हसल्या आणि एकीनं मला पाण्याला गोंडीत येर म्हणतात ते शिकवलं. इथेही मी ऊन आत सोडलं. तळ स्वच्छ, रेती, झऱ्याच्या जागी पाणी थरथरतं आहे. भाऊ हरखले. "बाई आरसा घेऊन आल्या! लोकं टारच मारतेत. टारचनं का दिसते?" त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, स्टीलच्या पेल्यातून पाणी आणून दिलं. गार आणि गोड. त्या भागात हापशीचं पाणी लोहाचं, भात शिजवला की पिवळा पडतो, बादलीला आतून गंज धरतो. म्हणून या विहिरीचं कौतुक.

मग त्यांनी आम्हाला मागे नेलं. स्वयंपाकघराच्या भिंतीमागे संडास, संडासामागे टाकी, टाकीच्या कडेनं केळी, आणि त्या केळी अशा माजलेल्या की पानं छपरावर गेलेली. तिथून विहिरीचा काठ हात लांब केला तर लागेल असा वाटतो. भाऊंनी टाकीच्या झाकणावर चपलेनं दोनदा टकटक केलं. "पोरगी शाळेत होती तवा बांधली. आता तिची पोरं शाळेत जातेत. एकडाव उपसली नाई. भरतच नाई!"

हे म्हणाले, "वा भाऊ!" आणि मीही मान डोलावली असेन.

निघताना भाऊंनी एक अट घातली. "कागदावर नाई लिवत जी. पन विहिरीले कुलूप लावाचं नाई. उन्हाळ्यात सारी गल्ली इथीच भरते." ह्यांनी हसत सांगितलं, "भाऊ, पाण्याले कुलूप लावणारे आमी नोहो." भाऊ गडबडले. "तसं नाई जी, मी साऱ्याइलेच सांगतो." साऱ्यांना म्हणजे कुणाला ते मी विचारलं नाही. आमच्याआधी दोन गिऱ्हाइकं येऊन गेली होती एवढं वहिनी म्हणाल्या होत्या. त्यांनाही हे सांगितलं असेल. नसेलही. तुम्ही असता तर विषय तिथेच सोडून दिला असता. पण गल्लीत आपल्यातलं दुसरं घर नाही, आणि आम्ही त्या विहिरीवर साधं झाकण टाकलं तरी लोक काय म्हणतील ते मला फाटकातून बाहेर पडायच्या आत कळलं होतं.

परतीच्या गाडीत हे घर सजवत होते, पलंग कुठे, झोपाळा कुठे. माझ्या डोक्यात ते एकच वाक्य फिरत होतं. भरतच नाई. शेवटी मी म्हटलं, टाकी भरत नाही याचा अर्थ काय होतो? "अच्छा ही है ना," हे म्हणाले. मी म्हटलं, टाकी म्हणजे भांडं. भांड्यात रोज ओतत राहिलं आणि ते कधी भरलंच नाही, तर त्याला बूड नाही. खाली नुसती जमीन आहे. सगळं मुरतंय आणि शेजारी विहीर आहे. हे खिडकीबाहेरच्या सागांकडे वळले. मग म्हणाले, "तू घर ले रही है या कुआँ?"

आपल्याकडे ही चूक घरोघर आहे, अब्बा. ज्याची टाकी भरते त्याची कीव करतात, म्हणतात मिस्त्री कच्चा होता. ज्याची भरत नाही तो पाहुण्यांना नेऊन दाखवतो. मी डेस्कवर असताना दूषित पाण्याच्या किती बातम्या हातावेगळ्या केल्या, पण कुणी इतक्या अभिमानानं झाकण वाजवून दाखवलं नव्हतं.

तुम्ही आरोग्य खात्याच्या नोकरीत विहिरींत औषध टाकत गावोगाव फिरलात. पावसाळ्यात रस्ते बंद व्हायच्या आधी ब्लिचिंग पावडरच्या गोण्या तुमच्या क्वार्टरमध्ये येऊन पडायच्या, आणि कोरडी जागा एकच, स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली. सुट्टीत आम्ही येतो, अम्मी डब्याचं झाकण उघडते, आणि डाळीआधी तो वास नाकात जातो. डब्यांच्या कड्या गंजलेल्या. "मेरे चावल में सरकार की बास आती है," अम्मी म्हणते. तुम्ही खाली मान घालून जेवता. तुमच्या बोटांनाही तोच वास असतो, साबण लावून जात नाही. आणि गावात गेल्यावर तुम्ही कधीही म्हणत नाही की ही विहीर खराब आहे. कुणी विचारलंच, आमच्याच विहिरीत काऊन टाकता भाऊ, तर तुमचं उत्तर ठरलेलं. "साऱ्याच विहिरीत टाकतो. सरकारचा नियम आहे." खरं तर सगळ्या विहिरींत टाकायला तुमच्याकडे पावडर पुरत नसायची. जिथे गरज होती तिथेच टाकायचात. पण कुठल्याही गावाला वाटू द्यायचं नाही की खराब आपणच आहोत.

यावरून आपलं एकदा जे वाजलं ते मी विसरलेले नाही. मी नोकरीला नवीन होते. जिवतीकडच्या डोंगरातल्या एका गावात पोरांचे दात पिवळे पडले होते, मोठ्यांची हाडं वाकली होती, पाण्यामुळे. मी बातमी केली, गावाच्या नावासकट. तुम्ही संध्याकाळी आलात, बूट न काढता दारात उभे राहिलात, काखेत घडी केलेलं वर्तमानपत्र. "गाँव का नाम कायको छापी?" मी म्हटलं, नाव नसेल तर बातमी कशाची? "तेरी खबर हो गयी. अब उस गाँव में लड़की कौन देगा?" मी म्हटलं, आणि नाव छापलं नाही तर पाणी कोण देणार? तुमचा आवाज चढला, माझाही. अम्मीनं मधे ताटं आणून ठेवली, "दोनों हाथ धो के बैठो, बाद में लड़ो." पुढे त्या गावाला दुसरीकडून नळ आला. त्याच गावची ठरलेली एक सोयरीक मोडली, तेही तुम्ही मला मुद्दाम येऊन सांगितलंत. आपण दोघंही बरोबर ठरलो, आणि म्हणूनच ते भांडण कधी मिटलं नाही.

पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या मिळतात हल्ली. आरोग्य केंद्रातल्या एका ओळखीच्या बाईंनी मला चार-पाच दिल्या. पाणी भरायचं, उबेत ठेवायची, काळी पडली तर पाणी पिण्यालायक नाही. घर पुन्हा एकदा नीट पाहायचं निमित्त करून हे सिंदेवाहीला गेले आणि पाणी घेऊन आले. मी बाटली मसाल्याच्या फळीवर ठेवली, हळद आणि धण्याच्या मधे. दुसऱ्या दिवशी चहा करताना पाहिली तर शाईसारखी काळी. ह्यांनी चष्मा लावून पाहिली, चष्मा काढून पाहिली. "छोड़ देते," म्हणाले, पण आवाज पडला होता.

सोडणं सोपं होतं. भाऊंना शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं, फोनवर नाही म्हटलं असतं की झालं. मला घर आवडलं होतं, ह्यांना तर त्याहून, पण तेवढ्यासाठी मी अडले नव्हते. आम्ही नाही घेतलं तर आणखी एखादं गिऱ्हाईक येईल, झाकण वाजवून घेईल, वा भाऊ म्हणेल, आणि सारी गल्ली त्या विहिरीवर भरत राहील. मला ठाऊक असताना. नुसत्या नकारानं मी त्यातून सुटणार नव्हते.

म्हणून फोन न करता मी गेले. भाऊ ओट्यावर तूर पाखडायला बसले होते. मी शेजारी बसले आणि विचारलं, "भाऊ, टाकी भरत नाही, तर जाते कुठं?"

"मुरते जमिनीत. तोच तर फायदा. मिस्त्री म्हने खाली सिमिटचा बेड नोका टाकू, उपसाची कटकटच नाई."

"आणि जमिनीतून?"

ते केळीकडे पाहायला लागले. मग विहिरीकडे. सूप तसंच हातात. "घ्याचं नसन तर नोका घेऊ जी," ते म्हणाले. "विहिरीले नाव ठेवू नोका."

मी बाटली काढून ओट्यावर ठेवली. हे काय, त्यांनी विचारलं. तुमच्या विहिरीचं पाणी, मी म्हटलं. तोवर वहिनी बाहेर आल्या होत्या. "अगाई! मी तुमाले हेच पाजलं का वं?" आणि मग नवऱ्याकडे वळल्या. "मी म्हनलं होतं, टाकी समोर बांधा. तर म्हने घराच्या तोंडाशी संडास शोभते का! सारी घान मांगं न्या, मांगं न्या. बाजूलेच विहीर आहे हे कोनाले दिसलंच नाई."

"आमाले का झालं मंग? काईच नाई झालं," भाऊ म्हणाले.

"नातू आला का दर डाव त्याचं पोट बिघडते. मी नजर काढतो मीठमोहऱ्याइन."

 भाऊंनी बाटली उचलून उन्हात धरली, झाकणाचा वास घेतला, आणि माझ्याकडे न देता आपल्याच बाजूला ठेवली. थोड्या वेळानं म्हणाले, "या गल्लीत साऱ्याइन माहीच टाकी पाहून बांधली. मीच सांगे लोकाइले, बेड नोका टाकू." हे ते मला सांगत नव्हते. मग मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी घ्या जी हे घर. दुसऱ्या गिऱ्हाइकाले हे सांगाची माही हिंमत नाई. टाकी तुमाले जशी पाह्यजे तशी बांधा. पन मी गेल्यावरबी गल्लीत बोलू नोका. मानूस गेल्यावर लोकाइन चार शब्द बरे बोलावे, येवढंच."

मी हो म्हटलं. पटकन म्हटलं, पान सोडावं तसं.

होळीच्या आधी भाऊ नागपूरला गेले. सामानाच्या ट्रकपाशी गल्ली जमली होती, बाया वहिनींना धरून रडत होत्या, आणि एक म्हातारा भाऊंना म्हणाला की तुमच्या विहिरीनं आमाले जगवलं. भाऊंनी हात जोडले. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर आठवड्याभरात मिस्त्री आला, मी दारोदार जाऊन सांगितलं की टाकीचं काम आहे, विहिरीतला गाळही काढायचा आहे, पाणी गढूळ होईल, तेव्हा दोन महिने भरू नका. कुणी काही विचारलं नाही. बघा अब्बा, किती सोपं असतं तुमचं. कुणाला नाव ठेवायचं नाही, कुणाचं काही मोडायचं नाही. त्या दिवसांत मला वाटत होतं की आपलं ते जुनं भांडण तुम्ही जिंकलात.

आमची भिंत ज्यांच्या भिंतीला लागून आहे त्या काकू शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक करतात. जीभ धारदार, हात सढळ. आम्ही राहायला आलो त्या दिवशी पहिला चहा त्यांच्याकडून आला होता, ह्यांच्या कपात दोन चमचे साखर जास्त, "भाऊ तुमी बारीक आहा" म्हणून. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि नात नुकतीच झाली होती. एका दुपारी मी बाजारातून आले तर काकू विहिरीवर. घागरीच्या तोंडाला चौपदरी फडकं बांधलेलं, आणि त्यातून त्या बादली हळूहळू ओतत होत्या.

"गढूळ म्हनलं ना तुमी, म्हनून फडकं बांधलं," त्या म्हणाल्या. "भिऊ नोका, मी गाळ नाई ढवळत. वरचंवर घेतो."

मी विचारलं, कशाला हवंय काकू?

"पोरीले पेवाले. अन् बाळाची गुटी उगाळाले. नळाच्या पान्याले वास येते, औषधाचा. बाळाले तो पाजावा का?"

गढूळ पाणी गाळून घेता येतं, हे मला सुचलंच नव्हतं. इतकी साधी गोष्ट. पाणी गढूळ आहे म्हटल्यावर शहाणी बाई काय करील? फडकं बांधील. किती दिवस चाललं होतं हे, देव जाणे. मी पिशवी तिथेच टाकली आणि सांगून टाकलं. पाणी गढूळ नाही, खराब आहे. टाकीला बूड नव्हतं, सगळं विहिरीत उतरत होतं. गाळून जाणार नाही ते.

काकू सरळ उभ्या राहिल्या. घागरीचं फडकं सोडलं, पिळलं, खांद्यावर टाकलं. "भाऊ होते तवरी पानी गोड होतं," त्या म्हणाल्या. "तुमी आल्या अन् खराब झालं?"

"आधीपासूनच होतं, काकू."

"मंग गढूळ काऊन म्हनलं? सांगाचं होतं तर आल्या आल्या सांगाचं. माह्या पोरीचं बाळंतपन आहे, तुमाले दिसत नोहतं?"  भाऊंना दिलेला शब्द त्यांच्यापुढे ठेवून मला सुटता आलं असतं, तेवढं मात्र केलं नाही. काकूंनी घागर तिथेच ओतून दिली, पाणी माझ्या चपलांखालून वाहत गेलं. "उद्या म्हनान, माहीबी टाकी फुटकी आहे," त्या जाता जाता म्हणाल्या. ती तशीच आहे, भाऊंची पाहूनच बांधलेली. पण ती दूर आहे, त्यांच्या घराच्या पलीकडच्या टोकाला, आणि त्या क्षणी हे बोलायची वेळ नव्हती.

बाळाला काही झालं नाही. हे मी आधी सांगायला हवं होतं, तुम्ही तेवढ्यासाठी वाचत थांबला असाल. पण संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं, आणि काकूंच्या तोंडून जसं कळायचं तसं कळलं. आम्ही विहीर बाटवली असं कुणी म्हटलं नाही. म्हटलं असेल तर माझ्यापर्यंत आलं नाही. नवीन लोकांना विहीर गल्लीला द्यायची नाही म्हणून टाकीचं सोंग काढलंय, एवढं मात्र ह्यांना पानठेल्यावर ऐकवलं गेलं. ह्यांनी पान न घेता परत येऊन मला विचारलं, "अपने को क्या मिला, बोल?"

टाकी समोर बांधली, फाटकाजवळ, घराच्या तोंडाशी. खाली काँक्रीटचा बेड, आत मधली भिंत, आणि तिच्यातून निघणाऱ्या पाण्याचा शोषखड्डा अगदी रस्त्याच्या कडेला. मिस्त्री सारखा बजावत होता, "बाई, ही आता भरन बरं का. मंग म्हनान, मिस्त्री चोर होता." जुनी टाकी उपसून मुरुमानं बुजवली. केळी सुकल्या. विहिरीचं सगळं पाणी मोटर लावून काढलं, गाळ काढला, ब्लिचिंग टाकलं, पुन्हा उपसलं, पुन्हा टाकलं. घरभर तो वास. मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होते आणि एकदम अम्मीसारखी कुणावर तरी ओरडावं असं वाटलं, पण समोर कुणीच नव्हतं. पावसाळ्यानंतर बाटली ठेवली, रंग बदलला नाही. थंडीत ठेवली, नाही बदलला. परवा पुन्हा ठेवली, तेव्हाही नाही. हे त्या पाण्याचा चहा पितात, पेला भरून घटाघटा पितात आणि मला दाखवून मिशा पुसतात. "जिंदा हूँ. देख ले."

मी गल्लीत सांगितलं की पाणी आता चांगलं आहे. बाटली दाखवली. बायांनी मान हलवली आणि घागरी घेऊन हापशीकडे गेल्या. बरोबरच आहे त्यांचं. एकदा गढूळ म्हणणाऱ्या बाईचं चांगलंही लोक गाळूनच घेणार. भाऊंना आम्ही कुलूप न लावायचा शब्द दिला होता. कुलूप नाही. आणि तरी विहीर बंद आहे.

इथपर्यंत लिहिलं आणि फाटक वाजलं म्हणून उठले. काकू होत्या. वर्षभरात पहिल्यांदा. कमरेवर घागर, मागे त्यांची मुलगी, तिच्या बोटाला धरून ती नात, नुकती चालायला लागलेली, दर दोन पावलांनी खाली बसणारी. हापशी बिघडली आहे, काकू म्हणाल्या, माझ्याकडे न बघता, विहिरीकडे बघून. मग माझ्याकडे वळल्या. "तुमी पेता का हे पानी?"

"पितो ना, काकू. पावसाळा सरल्यापासून."

"तुमच्या घरचे भाऊ पेते ते दिसते मले भिंतीवरून. मी तुमाले विचारून राह्यली. तुमी पेता?"

मी हो म्हटलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग दोर सोडला. घागर भरली. फडकं बांधलं नाही. नातीनं ओंजळ पुढे केली तर तिच्या ओंजळीत थोडं ओतलं, ती प्यायली, अर्धं फ्रॉकवर सांडलं आणि पुन्हा ओंजळ पुढे केली. त्या तिघी फाटकाबाहेर जाईपर्यंत मी काठाला हात टेकून उभी होते.

तुम्ही असता तर हे तुम्हाला तोंडावर सांगितलं नसतं. ह्यांनाही सांगितलेलं नाही, आणि हा कागद कुठे जायचा नाही म्हणून लिहिते. पाणी चांगलं आहे, अब्बा, मी तीनदा तपासलं. पण मी ते अजून एक घोटही प्यायलेले नाही. हे घरात नसताना माझ्यासाठी पाण्याचा कॅन येतो, तो पलंगामागे असतो, वर साडी टाकून.